खपलीचं बी

आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या दक्षिणेला, थारोळ्यातून निघालेला पाट जिथं पहिलं वळण घेतो, तिथं दहा-बारा गुंठ्यांचा एक तुकडा होता. घरात त्याला ‘आजीचा वाफा’ म्हणायचे. वडील सगळ्या रानात काय पेरायचं ते ठरवायचे, पण या तुकड्यात त्यांचं काही चालत नव्हतं. तिथं दिवाळी झाली की खपली पडायची. माझ्या आठवणीत एक साल चुकलं नाही.

गाव आमचं कृष्णाकाठचं, सांगली जिल्ह्यातलं. रान काळं, खोल. जिरायतात शाळू, हरभरा आणि थोडा बक्षी गहू, जो नुसत्या ओलीवर आणि थंडीवर यायचा. खपलीला मात्र पाणी लागायचं, म्हणून ती विहिरीजवळ. आज सगळ्यांच्या घरी दोन्ही वेळा चपाती असते, त्यामुळं पोरांना खरं वाटत नाही, पण तेव्हा गहू म्हणजे सण, पाहुणा किंवा आजारी माणूस. एरवी शाळूची भाकरी. खपलीची खीर लग्नात आणि बाळंतिणीला. पुरणाची पोळी करायची तर तीही खपलीची, कारण ती तुटत नाही आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहते.

हा गहू मोठा चिकट स्वभावाचा. तिवड्याभोवती बैल फिरवून मळणी केली तर बाकीचे गहू मोकळे होतात, खपलीच्या ओंबीचे नुसते मणके सुटतात. एकेका मणक्यात दोन-दोन दाणे, तुसात घट्ट बसलेले. काही भागात म्हणूनच याला जोडगहू म्हणतात. आजी म्हणायची, “जखमेवरची खपली वडली तर रगत येतं, पर सुटत न्हाय. तसलं हाय हे.” मग पाण्याचा हबका मारून उखळात कांडायचा, सुपानं पाखडायचा, पुन्हा कांडायचा. दोन पायल्या कांडायला बायकांचा अर्धा दिवस जायचा. पण त्याच तुसाचा फायदा असा की कणगीत तसाच भरून ठेवला तर कीड लागत नसे. पेरायचा तोही तुसासकट.

कापणीच्या आधी दोन दिवस आजी एकटी वाफ्यात शिरायची आणि ओंब्या खुडायची. मी मागं मागं. ती निवडून एकसारख्या ओंब्या घेत नसे, हे मला तेव्हाही खटकायचं. काळ्या कुसळाची घ्यायची, पांढऱ्या कुसळाची घ्यायची, एक बुटकी, एक लांबडी, एक अजून नीट पिकलेलीही नसलेली. मी एकदा म्हटलं, “आज्जे, चांगल्या मोठ्या मोठ्या घे की.” ती म्हणाली, “एका घरात सगळी पोरं सारखी असत्यात व्हय? कुणी उन्हाला टिकतंय, कुणी थंडीला. समदीच एका वळणाची झाली आन् त्या वळणालाच रोग आला म्हंजी?” त्या ओंब्यांची जुडी बांधून ती तुळईला टांगायची. चुलीचा धूर लागून जुडी काळपट व्हायची. पुढच्या साली तेच बी आधी पडायचं, मग कणगीतलं.

आजी अडाणी होती. पण पुढं जे मला वाचायला मिळालं, त्यात याहून वेगळं फारसं काही नव्हतं. फक्त शब्द जड होते.

नवा गहू आमच्या गावात आला १९६८ च्या सुमारास. मी आठ-नऊ वर्षांचा. चावडीपुढं जीप उभी राहिली, साहेबानं मूठभर दाणे वडिलांच्या हातावर ठेवले आणि नाव सांगितलं, कल्याणसोना. तेव्हा देश अमेरिकेच्या जहाजांवर जेवत होता. आमच्या शाळेत दुधाची पावडर यायची तीही तिकडचीच. १९६५ च्या आसपास साऱ्या देशात गहू पिकायचा सव्वा कोटी टनांच्या आतबाहेर. १९७० पर्यंत तो दोन कोटी टनांवर गेला. एवढी झेप आपल्या लोकांनी आधी कधी घेतलेली नव्हती. १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणं आणलं होतं. नुसतं खायला नाही, पेरायला. डॉ. स्वामिनाथन आणि त्यांच्या सोबत्यांनी दिल्लीत त्या बियांचं मोल ओळखलं, नॉर्मन बोरलॉग १९६३ साली इथं येऊन शेतं बघून गेले होते. पंजाबात पेरलेल्या त्या गव्हानं देशाची उपासमार टळली, यात मला शंका नाही. जुनं ते सगळं सोनं म्हणणारे लोक भेटले की मी त्यांना विचारतो, तुमच्या घरी १९६५ साली रोज काय शिजत होतं?

नव्या गव्हाची सगळी करामत त्याच्या उंचीत होती. आमचा जुना गहू छातीला लागायचा. त्याला युरिया घातला की तो आणखी माजायचा, ओंबी भरली की वाऱ्याच्या एका झोतात लोळायचा. हा नवा कमरेच्या खालीच थांबायचा. खत खायचा आणि ताठ उभा राहायचा. हा बुटकेपणा आला जपानातून. तिथं १९३५ साली नोरिन १० नावाची एक ठेंगणी जात काढली होती. महायुद्ध संपल्यावर सॅमन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं तिचं बी स्वतःच्या देशात नेलं, तिथं ऑरव्हिल व्होगेल यांनी त्यावर काम केलं, त्यांच्याकडून ते मेक्सिकोत बोरलॉगकडं गेलं आणि तिथून आमच्या चावडीपुढं. जपानातल्या कुठल्या तरी शेतकऱ्यानं बुटका गहू ‘काडच निघत नाही’ म्हणून टाकून दिला असता तर? पण हा प्रश्न मला तेव्हा पडायचं कारण नव्हतं. वडिलांनी पहिल्या साली एक एकर पेरला. जिथं चार पोती व्हायची तिथं तेरा झाली. आई म्हणाली, “आता पोरांस्नी रोज चपाती घालीन.” आणि घातली.

दोन-तीन वर्षांत गावातला बक्षी गेला. कुणी त्याला हाकललं नाही. तो आपोआपच गेला. आजीचा वाफा तेवढा राहिला.

कल्याणसोनाची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मेक्सिकोतल्या एकाच संकराच्या पोटातून निघालेला गहू इकडं कल्याणसोना, पाकिस्तानात मेक्सिपाक आणि मेक्सिकोत सिएते सेरोस या नावानं पेरला जात होता. नावं तीन, रक्त एक. आजी म्हणायची तशी सगळी पोरं एका वळणाची, आणि तीही हजारो मैल.

मग १९७५ चं साल. मी दहावीला. तेव्हा अकरावीची मॅट्रिक बंद होऊन दहावीची पहिलीच परीक्षा होती, त्यामुळं साल पक्कं लक्षात आहे. जानेवारीत आठ दिवस आभाळ आलं. धुकं, पानावर सकाळी पाणीच पाणी. मी पुस्तक घेऊन मळ्यात जायचो. एक दिवस गव्हातून आडवा चालून विहिरीवर गेलो आणि बघतो तर खाकी चड्डी, पोटऱ्या, हात सगळं विटकरी. गंज लागलेल्या लोखंडाला हात पुसावा तसं. पानांवर बारीक बारीक पुटकुळ्या, बोटानं चोळलं की पूड. वडिलांना दाखवलं. ते बांधावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तांबेरा.”

त्या साली पाच पोती झाली, तीही चिमटलेली. दाणा असा की चाळणीतून निम्मा खाली पडायचा. शेजारच्यांची तीच गत. सगळ्यांनी एकच गहू पेरलेला.

आणि त्याच रानात, मध्ये फक्त एक पाट, आजीची खपली हिरवीगार उभी. क्वचित एखाद्या पानावर ठिपका, बस्स. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. वडिलांनी पाहिलं, साहेबानं पाहिलं, मी पाहिलं. आजी म्हणाली, “खपलीला तांब चढत न्हाय, हे काय आज ठावं झालं व्हय तुमास्नी?” कुणाला त्यात विशेष काही वाटलं नाही. पिकणार किती? तीन-चार पोती. कांडणार कोण?

तांबेरा कुठून येतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडं समजूत, ढग आले की पडतो. आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक के. सी. मेहता यांनी उभा जन्म यातच घातला. मैदानावरच्या उन्हाळ्यात तांबेऱ्याची बुरशी जगत नाही, ती मरून जाते. ती जगते डोंगरावर, थंडाव्यात. तिथून वाऱ्यावर तिचं बी, म्हणजे ती तांबडी पूड, खाली येतं. दक्षिणेत ही जागा निलगिरी आणि पळणीचे डोंगर. म्हणजे माझ्या चड्डीला लागलेली पूड बहुधा शेकडो मैल उडत आलेल्या पुडीची नातवंडं-पतवंडं होती. १९४६-४७ साली मध्य भारतात, नर्मदेकडच्या गव्हावर काळा तांबेरा असा पडला होता की शेतंच्या शेतं कापायच्या लायकीची राहिली नव्हती. ते जुने देशी गहू होते. तेव्हा देशी म्हणजे रोगाला दणकट असं समजू नये. एखादंच दणकट असतं, आणि कुठलं ते आधी कळत नाही.

पुढं सोनालिका आली, ती बरीच वर्षं टिकली. मग गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारतीत तयार झालेला लोक-१ आला, त्याची चपाती सगळ्यांना आवडली. एक जात पडली की दुसरी हजर. आम्हाला वाटायचं, शास्त्रज्ञ कारखान्यात करतात तसं नवं वाण करतात. ते कशातून करतात, हे कोण विचारतो?

आजी १९७८ च्या उन्हाळ्यात गेली. जायच्या आधीच्या माघात तिनं ओंब्यांची जुडी बांधली होती. त्या साली कारखान्याच्या उसाचं वारं गावात शिरलेलं, नदीवरून पाण्याची स्कीम झालेली. हिवाळ्यात वाफ्यात काही पेरलंच नाही. वडील थकले होते, कारभार माझ्याकडं आला होता. मी वीस वर्षांचा, दहावी पास, गावात शहाणा.

१९७९ च्या मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. जेवण खिरीचं. कणगीतली खपली सगळी काढली, गल्लीतल्या बायकांनी गाणी म्हणत दोन दिवस कांडली. मोजल्यावर दोन पायल्या कमी भरायला लागली. व्याही मोठे, वऱ्हाड जास्त येणार. मी शिडी लावली आणि तुळईवरची जुडी खाली काढली. एक नव्हे, तिथं तीन वर्षांच्या तीन जुड्या होत्या. आई चुलीपुढून उठून आली.

“आरं, बियाचं हाय ते.”

“बी बाजारात मिळतंय की.”

“खपलीचं?”

मी उत्तर दिलं नाही. ओंब्या चुरगाळल्या, उखळात टाकल्या. आई पदर तोंडाला लावून आत गेली. मला वाटलं, पोरीच्या लग्नामुळं रडते आहे.

खीर झकास झाली. गूळ, खोबरं, बडीशेप, सुंठ, काहिलीभर. लोक अजून आठवण काढतात. पुढच्या वर्षी वाफ्यात ऊस लावला.

त्यानंतरची पस्तीस वर्षं यात सांगण्यासारखं काही नाही. ऊस, कर्ज, पोरांची शिक्षणं. खपलीचं नाव निघालं ते धाकट्या भावाच्या मुलीमुळं. ती कृषी महाविद्यालयात शिकत होती. सुट्टीला आली आणि जेवताना म्हणाली, “काका, आपल्याकडं खपली होती का हो? आमच्या पुस्तकात आहे.”

मी हसलो. म्हटलं, पुस्तकात खपली कशाला येईल?

तिनं पुस्तक आणलं. इंग्रजी होतं, तिनं वाचून समजावलं. अमेरिकेत मिनेसोटात स्टॅकमन नावाचे शास्त्रज्ञ होते. १९१६ साली तिकडं काळ्या तांबेऱ्यानं गव्हाचा फडशा पाडला. स्टॅकमननी शोधून काढलं की तांबेरा एक नाही. दिसायला एक, पण आत त्याची कितीतरी कुळं. एक कूळ या गव्हाला खातं, दुसरं त्या. म्हणून आज टिकलेला गहू उद्या पडतो. गहू बदलत नाही, तांबेऱ्याचं कूळ बदलतं. कुठलं कूळ आलंय हे ओळखायला त्यांनी आणि लेव्हिन यांनी बारा गव्हांचा एक संच ठरवला. कुठल्याही देशात तांबेरा सापडला की या बारांवर तो टाकून बघायचा, कुठला पडतो, कुठला टिकतो, त्यावरून कूळ ठरवायचं. जगभर ही पद्धत चालली. त्या बारांत मार्क्विस आहे, कुबांका आहे, लिटल क्लब आहे, आणि यादीच्या शेवटी लिहिलंय, खपली. इंग्रजी अक्षरात, पण खपलीच. बहुतेक कुळांना दाद न देणारा गहू म्हणून तो तिथं बसवला होता.

मला घास गिळवेना. स्टॅकमन म्हणजे बोरलॉगचे गुरू, हेही तिनंच सांगितलं. म्हणजे आमच्या चावडीपुढं ज्याचा गहू आला, त्याच्या गुरूच्या काचघरात आमच्या आजीच्या वाफ्यातल्या गव्हाची भावकी आधीच नांदत होती.

तिला आणखी विचारत गेलो. तिच्या सरांना फोन करून तिनं थोडंफार काढून दिलं, काही मराठी पुस्तकांत मिळालं. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस नावाच्या शास्त्रज्ञांनी तिकडच्या स्टाइनवेडेल गव्हाशी खपलीचा संकर केला. जी जात निघाली तिचं नाव ‘खॅपस्टाइन’. निम्मं नाव आमचं. हे काम सोपं नसतं. चपातीचा गहू आणि खपली ही दोन वेगळी घराणी, खपलीत रंगसूत्रं कमी. संकर केला तर बी वांझ निघतं, फार थोडं हाताला लागतं.

अमेरिकेत दक्षिण डाकोटातला मॅकफॅडन नावाचा शेतकऱ्याचा पोरगा कॉलेजात शिकत होता. त्यानं १९१६ साली रशियाकडची यारोस्लाव नावाची खपलीच्या जातकुळीतली एक जात घेतली आणि तिचा मार्क्विस या चांगल्या गव्हाशी संकर केला. दाणे अगदी बोटांवर मोजण्याइतके लागले. त्यातून वर्षानुवर्षं निवडत त्यानं एक गहू उभा केला आणि नाव ठेवलं होप, म्हणजे आशा. त्या होपमधली तांबेरा झेलायची ताकद पुढं मेक्सिकोच्या बऱ्याच गव्हांत उतरली, आणि मेक्सिकोच्या गव्हांमधून आपल्याकडं.

हे ऐकून मी उठलो आणि बाहेर सोप्यात जाऊन बसलो. ज्या नव्या गव्हापुढं आम्ही खपलीला कवडीमोल ठरवलं, तो काळ्या तांबेऱ्यापुढं उभा होता तो खपलीच्याच चुलत बहिणीच्या जोरावर.

गोष्ट तिथंच संपत नाही. १९९८ साली युगांडात तांबेऱ्याचं एक नवं कूळ दिसलं. त्याला यूजी ९९ म्हणतात. जगातल्या पुष्कळ गव्हांना वाचवणारा एक गुण राय नावाच्या धान्यातून घेतलेला होता, त्यालाच या कुळानं भोक पाडलं. आपल्या उत्तरेत तेव्हा लाखो एकरांवर तोच गुण असलेला गहू उभा होता. नव्वदीतले बोरलॉग पुन्हा बोंब मारत फिरू लागले. मग शास्त्रज्ञ जुन्या पेट्या उघडून बसले: कुठला गुण याला अडवतो? जे थोडे निघाले त्यात एक होता ‘एसआर १३’, आणि तो ज्या गव्हांत सापडतो त्यातला एक गहू म्हणजे खपली. २०१७ साली तर तो गुण नेमका कुठल्या धाग्यावर आहे तेही त्यांनी हुडकलं. अर्थात इथिओपियात त्यालाही खाणारी कुळं निघाली आहेत. तांबेरा काही स्वस्थ बसत नाही. म्हणून एक गुण पुरत नाही, दोन-तीन एकत्र बांधावे लागतात, आणि तेवढे सापडण्यासाठी मुळात पेटीत काहीतरी असावं लागतं.

पेटीत काय असतं? कुणीतरी कुठल्यातरी गावातून नेलेलं मूठभर बी. रशियात वाविलोव नावाचे शास्त्रज्ञ होते, ते देशोदेशी हिंडून अशा मुठी गोळा करायचे. लेनिनग्राडमध्ये त्यांनी मोठं बियाणं भांडार उभं केलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्या शहराला १९४१ ते १९४४ वेढा घातला. शहरात माणसं भुकेनं मरत होती, आणि भांडारात टनांनी धान्य. तिथल्या लोकांनी त्याला हात लावला नाही. भाताचं बी सांभाळणारे इव्हानोव नावाचे गृहस्थ भाताच्या हजारो पुड्यांच्या सान्निध्यात उपासमारीनं गेले. इतरही गेले. वाविलोव तेव्हा तिथं नव्हतेच, ते स्वतःच्याच सरकारच्या तुरुंगात होते आणि १९४३ च्या जानेवारीत तिथंच मेले.

हे मी एका मासिकात वाचलं. रात्री वाचलं आणि दिवा मालवला नाही. ती माणसं उपाशी होती. माझ्या घरात त्या दिवशी गूळ होता, तूप होतं, तांदळाची दोन पोती होती. भात वाढवला असता तरी चाललं असतं.

भावाची मुलगी समजूत घालायला म्हणाली, “काका, दिल्लीला राष्ट्रीय बियाणं बँक आहे, धारवाडला आहेत, पुण्याला आगरकर संस्थेत खपलीवर काम चालतं. खपली संपली नाही.” खरं आहे. आगरकर संस्थेची एमएसीएस २९७१, धारवाडची डीडीके १०२९, या सुधारित खपल्या मी पुढं पेरूनही पाहिल्या. बुटक्या आहेत, लोळत नाहीत, उताराही आमच्यापेक्षा बरा. शास्त्रज्ञांनी मनापासून केलेलं काम आहे. पण मी तिला विचारलं, माझ्या आजीची काळ्या कुसळाची ती उशिरा पिकणारी होती, ती आहे का तुमच्या दिल्लीत? ती म्हणाली, “असेल तशी दुसरी एखादी.” असेल. नसेलही. कोणी कधी आमच्या मळ्यात मूठ न्यायला आलं नव्हतं, आणि आलं असतं तर द्यायला माझ्याकडं काही नव्हतं.

मग मी शोध सुरू केला. वाळव्याकडं, तासगावकडं विचारलं. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत चमक यायची, कणगीत काही नसायचं. सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकानं माझीच होती. शेवटी मामाच्या गावाला, चिकोडीच्या बाजूला गेलो. तिकडं कानडी बोलीत खपलीला सदक म्हणतात. मामेभावाच्या सुनेनं माळ्यावरून एक डबा काढला. तुसासकट खपली, चार पायल्या. म्हणाली, “अत्ती सोडू देत नव्हत्या पेरायचं. आम्ही कंटाळलो होतो.” मी पैसे द्यायला लागलो तर मामेभाऊ रागावला.

२०१६ च्या दिवाळीनंतर ऊस मोडून दहा गुंठे मोकळे केले. बरोबर जुन्याच जागी, जरी आता तिथं मोट नाही, थारोळं नाही, पाटही नाही, पाइप आहे. पाभरही कुणाकडं नव्हती, हातानं टोकलं. लोकांनी विचारलं, मधुमेहवाल्यांचा गहू का? आता शहरात याला चांगला भाव आहे, हे खरं. भावासाठी तरी लोक पेरतायत, माझी काही तक्रार नाही. पण बाजाराला एकसारखा, स्वच्छ, एका रंगाचा माल लागतो. पोतंभर बी एकाच दुकानातून येतं आणि सगळ्या तालुक्यात तेच पडतं. पुन्हा एक वळण.

कापणीच्या आधी मी वाफ्यात शिरलो. गुडघे दुखतात, वाकवत नाही. पांढऱ्या कुसळाच्या ओंब्या पुष्कळ. दीड तास फिरल्यावर काळसर कुसळाच्या अकरा सापडल्या. त्या आजीच्या नव्हेत, मामाच्या गावच्या कुणा म्हातारीच्या. तरी घेतल्या. एक बुटकी घेतली, एक लांबडी, एक अजून हिरवट असलेली.

त्या उन्हाळ्यात बहीण माहेरपणाला आली. नातवंडं घेऊन आली होती. खीर केली. खपली आता कांडायला गिरणी निघाली आहे, दोन तासांत काम. तिनं वाटीभर खाल्ली आणि म्हणाली, “चांगली झालीय. पर माझ्या लग्नातली जास्त दाट होती.”

तेव्हा मी तिला सांगितलं, त्या खिरीत काय पडलं होतं ते. आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, आईही बोलली नव्हती. ती बराच वेळ वाटीतला चमचा फिरवत राहिली. मग वर बघून म्हणाली, “आता कुठं टांगलंयस?”

घर आता स्लॅबचं आहे, तुळई कुठली? मी तिला आतल्या खोलीत नेऊन दाखवलं. पंख्यासाठी ठेवलेल्या हुकाला जुडी बांधली होती. तिनं खुर्ची ओढली, वर चढून गाठ ओढून पाहिली आणि म्हणाली, “सैल हाय,” आणि सोडून नीट बांधली.